नाकातल्या नळीतून रोज १८०० मिली जातंय, तरी दंड-पिंढऱ्या उतरताहेत. काय चुकतंय?

वेण्णाकाठ (प्रश्न)

पेशंट म्हणजे माझे सासरे. वय ६६, उंची १६५ सेंमी, पक्षाघाताचा झटका येण्याआधीचं वजन ५८ किलो. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडून डावा हात-पाय गेला, आज तेरावा दिवस आहे. गिळता येत नाही म्हणून १४ नंबरची राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली आहे. पाच दिवसांपूर्वी घरी आणलं. मधुमेह आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल आहे.

दवाखान्यात सांगितलं होतं, "दर दोन तासांनी २०० मिली पातळ." त्याप्रमाणे सकाळी ६ ला दूध, ८ ला डाळीचं पाणी, १० ला नारळपाणी, १२ ला तांदळाची पेज, २ ला ताक, ४ ला दूध, ६ ला भाज्यांचं सूप, ८ ला पेज, १० ला दूध. प्रत्येक वेळी २०० मिली.

शंका अशा:
- १८०० मिली पोटात जातंय, तरी दंड आणि पिंढऱ्या डोळ्यांदेखत उतरल्यात. असं का?
- पाच दिवसांत नळी दोनदा तुंबली.
- केअरटेकर सिरिंजने हवा मारतो आणि पोटावर कान लावून गुडगुड ऐकतो. एवढी खात्री पुरेशी आहे का?
- "महिनाभर तरी गिळता येणार नाही, पोटातून नळी टाकून घ्या" असं एकजण म्हणाले. घाई करावी का?
- घरातले म्हणतात चमच्याने पाणी पाजून बघू, ठसका तर लागत नाही.

गोळ्या: अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, अटोर्व्हास्टॅटिन ४०, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन एसआर ५००, पॅन्टोप्राझोल ४०. सगळ्या एकत्र कुटून, पाण्यात कालवून देतो. बद्धकोष्ठ आहे म्हणून काल रात्री इसबगोल दिलं.

---

वॉर्डसिस्टर

ताई, इसबगोल आजपासून बंद. नळीत ते फुगून जेलीसारखं घट्ट होतं आणि मग नळी बदलण्यावाचून इलाज राहत नाही. पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोजसारखं सिरप डॉक्टरांना विचारून घ्या, पाण्यात पातळ करून द्या.

आता नळीच्या जागेबद्दल. फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) कितीही चांगलं केलं तरी टोक चुकीच्या ठिकाणी असेल तर ते फुफ्फुसात उतरतं. हवा मारून गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही. टोक अन्ननलिकेत अडकलेलं असो वा श्वासनलिकेच्या फांदीत, आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीचं तोंड वाटीभर पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याची पद्धतही तशीच फसवी आहे. ब्रिटनमधल्या रुग्णसुरक्षेच्या सूचनांत या दोन्ही पद्धती वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय, आपल्याकडे मात्र त्या अजून सर्रास चालतात. झटक्याच्या पेशंटमध्ये धोका जास्त, कारण नळी श्वासनलिकेत गेली तरी खोकला येईलच असं नाही.

नळी नवीन घातली की एक्स-रे, किंवा ओढून काढलेल्या पाचकरसाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याहून कमी, यांपैकी एक हवंच. पीएच पट्टी घ्या, लिटमस कागद नको. तो फक्त आम्ल आहे की नाही एवढं सांगतो, किती ते सांगत नाही. तुमच्याकडे आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू आहे, त्यामुळे नळी पोटात असूनही पीएच ६ येऊ शकतो. तसा आला तर अंदाज न बांधता एक्स-रे काढा.

त्यानंतर प्रत्येक फीडआधी तीन गोष्टी, मिनिटभराचं काम:

१. एक्स-रेत जागा बरोबर दिसली त्या दिवशी नाकपुडीशी नळीवर किती सेंमी आहे ते बघून मार्करने रेघ मारून ठेवायची. राइल्स ट्यूबवर ५०, ६०, ७० सेंमीच्या खुणा असतात, मोठ्या माणसात नाकपुडीशी साधारण ५५ ते ६० च्या आसपास येतं. रेघ बाहेर सरकलेली दिसली की फीड थांबवा.

२. तोंड उघडून टॉर्चने घशात बघा. उलटी किंवा जोराचा खोकला झाल्यावर नळी तोंडात वेटोळं करून बसते आणि नाकापाशी रेघ मात्र जागच्या जागी असते. हे हमखास नजरेतून सुटतं.

३. ५० मिलीच्या सिरिंजने हळू ओढून बघा. मागचं फीड २०० मिलीपेक्षा जास्त निघालं तर ते परत आत सोडा, तासाभराने पुन्हा बघा. फेकू नका, त्यात क्षार असतात. दोनदा लागोपाठ असंच झालं, किंवा पोट फुगलं, तर डॉक्टरांना फोन.

फीड देताना डोकं-छाती ३० ते ४५ अंश वर. फक्त उशा रचून मान वाकवली तर पोट दुमडतं आणि उलट वर येतं, म्हणून कमरेपासून पाठ उचला. सिरिंजचा दट्ट्या काढा, नळी चिमटीत धरून सिरिंज जोडा, फीड ओता आणि पोटाच्या पातळीपासून हातभर उंच धरा. आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. २५० मिलीला १५-२० मिनिटं लागली पाहिजेत. सिरिंज पूर्ण रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा जाते आणि पोट तट्ट होतं. आधी ३० मिली पाणी, नंतर ३० मिली पाणी, बूच. पुढचा पाऊण-एक तास आडवं करायचं नाही. कूस बदलणं, डायपर, फिजिओथेरपी हे सगळं फीडच्या आधी उरकून घ्या.

तोंडाने काही जात नसलं तरी दात, जीभ आणि टाळू दिवसातून किमान दोनदा मऊ ब्रशने स्वच्छ करायचे. नळी घातली म्हणजे न्यूमोनिया टळला असं नाही. लाळ घशात उतरतच असते, आणि घाणेरड्या तोंडातली लाळ फुफ्फुसात गेली की ताप येतो. घरोघरी सर्वांत दुर्लक्षित काम हेच.

नाकाची चिकटपट्टी रोज बदला, नळी नाकपुडीच्या कडेला दाबून बसणार नाही अशी लावा. पीव्हीसीची राइल्स ट्यूब पोटातल्या आम्लाने कडक होत जाते. पाकिटावर मुदत दिलेली असते ती पाळा, साधारण आठवडा-दहा दिवस धरा. तुमची तेरा दिवसांपूर्वीची असेल तर बदलायची वेळ झालीच आहे. बदलताना बारीक, मऊ पॉलियुरेथेनची मिळते का विचारा. ती महिनाभर टिकते, पण ८ नंबरच्या नळीतून घरचं दाटसर फीड उतरत नाही. घरचं फीड देणार असाल तर १२ किंवा १४ नंबरच बरा. नंबराला तीनने भागलं की बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये येते: १४ म्हणजे साधारण पावणेपाच.

---

आहारकक्ष

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वेळापत्रकातच आहे. १८०० मिली हे पाण्याचं माप झालं, अन्नाचं नाही.

हिशेब करू. दूध ६०० मिली, टोन्ड असेल तर सुमारे ३५० कॅलरी आणि १९ ग्रॅम प्रथिनं. नारळपाणी २०० मिली म्हणजे ४० च्या आसपास. दोन वेळची पातळ पेज मिळून सव्वाशे. ताक, सूप आणि डाळीचं वरचं पाणी तिन्ही मिळून फार तर शंभर. एकूण सव्वासहाशे कॅलरी आणि पंचविशीच्या घरात प्रथिनं. डाळ खाली राहते आणि पाणी नळीत जातं, तिथेच प्रथिनांचा घात होतो.

लागतं किती? झटक्यानंतर साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं दर किलोमागे. ५८ किलोला १४५० ते १७५० कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे निम्म्याहूनही कमी जातंय, तेही तेरा दिवस. दंड उतरणारच.

पण उद्यापासून एकदम १६५० वर जाऊ नका. दहा दिवसांहून जास्त उपाशी-अर्धपोटी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर पिष्टमय अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तातली पातळी कोसळते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आधी सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासून घ्या. थायमिन म्हणजे बी-१ सुरू करायचं का, किती, हे डॉक्टरांना आजच विचारा. जोखमीच्या पेशंटला ते फीड वाढवायच्या आधी सुरू करतात आणि पहिले दहा दिवस चालू ठेवतात. मग दोन दिवस ९००, पुढचे दोन दिवस १२००, रिपोर्ट ठीक असतील तर पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण. पहिल्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासायचं.

पूर्ण दिवसाचं फीड असं:

टोन्ड दूध १ लिटर, साय नसलेली दूध पावडर ३० ग्रॅम, अंडी २, मूगडाळ ६० ग्रॅम, तांदूळ ६० ग्रॅम, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ ४० ग्रॅम, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल ३० ग्रॅम. याचे साडेसोळाशे कॅलरी, ७५ ग्रॅम प्रथिनं. साखर-गूळ घातलेला नाही, मधुमेह आहे म्हणून. मापं वाटी-चमच्याची नकोत, तीनशे-चारशे रुपयांचा किचन काटा आणा. एकीची वाटी दुसरीच्या दीडपट असते.

कृती. डाळ, तांदूळ आणि नाचणीच्या पिठातलं ३० ग्रॅम बेताच्या पाण्यात कुकरला लावा, नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त, अगदी लगदा व्हायला हवा. बाहेर काढून ढवळा, बोट क्षणभरच टेकवता येईल इतकं गरम असताना उरलेलं १० ग्रॅम पीठ घालून ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. घट्ट लापशी आपोआप पातळ होते. मोड येताना धान्यात अमायलेज तयार होतं, ते स्टार्च तोडतं. उकळत्या लापशीत घातलं तर ते मरतं, थंडगार लापशीत घातलं तर कामच करत नाही. दुकानातलं खमंग भाजलेलं सत्त्वही यासाठी निरुपयोगी. नाचणी रात्रभर भिजवून, दीड-दोन दिवस मोड आणून, उन्हात वाळवून, न भाजता दळून घ्या. पातळ झाल्यावर पाच मिनिटं चांगलं उकळा, कारण शेवटचं पीठ कच्चं घातलेलं आहे.

ही युक्ती नसली की माणसं लापशीत पाणी ओतत जातात, आणि पुन्हा सहाशे कॅलरीवर येऊन थांबतात.

मग उकळून कोमट केलेलं दूध, दूध पावडर, पूर्ण उकडलेली अंडी आणि तेल घालून मिक्सरमधून तीन-चार मिनिटं फिरवा. बारीक गाळणीतून दोनदा गाळा. डाळीची सालं आणि अंड्याचे कण हेच नळी तुंबवतात. जिरं, मिरी, कोथिंबीर काही नको, जिभेला चव लागणारच नाही. एकूण १५०० मिली भरेल एवढं उकळलेलं पाणी घाला. मीठ मात्र विसरू नका: ब्लडप्रेशर म्हणून मीठ साफ तोडलं आणि वरून भरपूर पाणी दिलं की सोडियम उतरतं, आणि पेशंट सुस्त होतो. "झटका वाढला" समजून धावपळ होते. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास घाला, पण आकडा सोडियमचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ठरवायचा.

सहा वेळा २५० मिली: ६, ९, १२, ३, ६, ९. फीडमध्येच सुमारे १२०० मिली पाणी आहे. आधी-नंतरचे ३०-३० मिली मिळून ३६०, गोळ्यांबरोबरचं सव्वाशे-दीडशे. झालं सतराशे, किलोला ३० मिलीच्या हिशेबाने पुरेसं. चैत्र-वैशाखात दोन-तीनशे वाढवा. लघवी गडद पिवळी दिसली तरी वाढवा.

घरचं फीड खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. केल्या केल्या सहा स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. देताना एक बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करा, गॅसवर पुन्हा उकळू नका. लाइटचा भरवसा नसेल तर दोन वेळा करा. जुलाब लागले की लोक फीडला दोष देतात, पण बहुतेकदा कारण न धुतलेली सिरिंज, रात्रभर बाहेर राहिलेली बाटली, अँटिबायोटिक किंवा सिरपमधलं सॉर्बिटॉल (गोडीसाठी घातलेला पदार्थ) असतं.

तयार पावडरचं फीड वाईट नाही. जंतूंचा धोका कमी, कॅलरी मोजलेल्या, बारीक नळीतून उतरतं. पूर्ण आहार म्हणून चालणारी पावडर घ्या, नुसती प्रोटीन पावडर नव्हे. खर्च झेपत नसेल तर रात्री ९ आणि सकाळी ६ ला पावडर, बाकी घरचं, असंही जमतं.

वजन करता येत नसेल तर चांगल्या हाताच्या दंडाचा घेर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, दर रविवारी टेपने मोजून लिहा.

---

सह्याद्री७१

एवढं कशाला? दुधात दोन कच्ची अंडी फेटून घाला, ताकद येते. आणि नळी तुंबली की कोल्ड्रिंक सोडा, लगेच मोकळी होते.

---

गोळीडबी

दोन्ही नको. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो, आणि कच्च्या अंड्याची प्रथिनं उकडलेल्यापेक्षा कमीच पचतात. कोल्ड्रिंक आम्ल आहे. नळीत दुधाचं फीड असेल तर ते फाटून गाठ आणखी घट्ट बसते. कोमट पाण्यापेक्षा ते सरस नाही.

तुंबली तर: आधी सिरिंजने आतलं जेवढं निघेल तेवढं ओढून काढा. मग ५० मिलीच्या सिरिंजने २०-३० मिली कोमट पाणी हळू आत-बाहेर, आत-बाहेर. १० मिनिटं थांबून पुन्हा. ५ मिलीची सिरिंज "जोर जास्त लागतो" म्हणून वापरतात, तो जोर खरंच जास्त असतो आणि त्यानेच नळी फाटते. तार किंवा गाइडवायर घरी कधीच घालायची नाही. अर्ध्या तासात मोकळी झाली नाही तर नळी बदला.

पण मुळात ती तुंबली का? माझा संशय तुमच्या गोळ्यांवर आहे.

पॅन्टोप्राझोल: आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून तिला आवरण असतं. कुटली की आवरणाचे तुकडे चिकटून नळीत गोळा होतात, आणि औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. म्हणजे नळीही गेली, गुणही गेला. तोंडात विरघळणाऱ्या प्रकारची लॅन्सोप्राझोल पाण्यात विरघळवून नळीतून देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. किंवा हे औषध आता लागतंय का, हेच विचारा.

मेटफॉर्मिन एसआर: हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली गोळी. कुटल्यावर दिवसभराचं औषध एकदम सुटतं, शिवाय तिचा जेलसारखा पदार्थ नळीत फुगतो. साधी मेटफॉर्मिन विभागून देता येते, डोस डॉक्टर ठरवतील. गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल, ईआर, सीआर, रिटार्ड, क्रोनो यातलं काहीही असेल तर कुटायची नाही.

अ‍ॅस्पिरिन ७५: बाजारात जास्त खपते ती आवरणाची. पाण्यात विरघळणारी साधी घ्या.

क्लोपिडोग्रेल, अटोर्व्हास्टॅटिन, टेल्मिसार्टन कुटून चालतात. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे पाकिटातून काढल्याबरोबर द्या.

प्रत्येक गोळी वेगळी. खलात मैद्यासारखी बारीक करा, १५ मिली पाण्यात कालवा, सोडा, १० मिली पाणी, मग पुढची. सगळ्या एकत्र कालवल्या की त्या एकमेकींत गोठतात. फीडमध्ये तर मुळीच मिसळू नका, फीड अर्धं राहिलं तर औषध किती गेलं कळायला मार्ग नाही.

पुढेमागे काही बदललं तर लक्षात ठेवा: फेनिटॉइन (फिट्सचं औषध) फीडला चिकटतं, आधी आणि नंतर किमान तासभर फीड बंद ठेवावं लागतं आणि रक्तातली पातळी तपासावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून कधीच द्यायची नाही, औषध बरंच जास्त शोषलं जातं आणि रक्तस्राव होऊ शकतो. अ‍ॅपिक्सॅबान कुटून चालते.

इन्सुलिन सुरू केलं तर एक कायमचा नियम: नळी निघाली, तुंबली किंवा उलटी झाली आणि इन्सुलिन आधीच टोचलेलं असेल, तर साखर लगेच बघा आणि डॉक्टरांना कळवा. फीड थांबतं, इन्सुलिन थांबत नाही.

---

वेण्णाकाठ

सगळ्यांचे आभार. थायमिन आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी आजच डॉक्टरांशी बोलते. राहिले दोन प्रश्न: पोटातल्या नळीची घाई आणि चमच्याने पाणी. आज दुपारी एका पाहुण्यांनी दोन चमचे पाजलंच. खोकला आला नाही, पण नंतर आवाज घोगरा, ओलसर वाटत होता.

---

घास_गिळ

तो ओलसर आवाज हीच खूण आहे. पाणी स्वरयंत्रावर साचलं होतं. ठसका न लागणं म्हणजे सुरक्षित गिळणं नव्हे: झटक्यात अनेकदा घशाची संवेदनाच गेलेली असते, त्यामुळे पाणी श्वासनलिकेत जातं आणि शरीराला पत्ता लागत नाही. पाहुण्यांना स्पष्ट सांगा, पलंगाच्या डोक्याशी "तोंडाने काहीही देऊ नये" असा कागद लावा. पुढचे दोन-तीन दिवस ताप, श्वासाचा वेग आणि ऑक्सिमीटर बघा. ताप आला किंवा आकडा ९४ च्या खाली गेला तर दवाखाना.

आणि साधं पाणी हेच सर्वांत अवघड. घासापेक्षा पाणी वेगाने घशात घुसतं, उशिरा मिटणारं स्वरयंत्र त्याला गाठू शकत नाही. "निदान पाणी तरी पाजू" हा आपला नेहमीचा विचार इथे उलटा पडतो.

पोटातल्या नळीबद्दल, म्हणजे पेगबद्दल (पोटाच्या भिंतीतून थेट जठरात घातलेली नळी). घाई नको. २००५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या फूड या चाचणीत झटक्यानंतर लवकर पेग केलेले आणि नाकातून नळी घातलेले असे ३२१ पेशंट होते. पेगच्या गटात मृत्यू किंवा गंभीर परावलंबित्वाचं प्रमाण ७.८ टक्के-बिंदूंनी जास्त निघालं. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळीच, आणि त्यापुढेही बराच काळ गिळणं परतणार नाही असं दिसलं तर पेग, हीच आताची रीत आहे. अनेकांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांतच सुधारतं. नळी वारंवार ओढून काढत असतील तर मात्र पेगचा विचार लवकर होऊ शकतो. चांगल्या हाताला अंगठा-बोटं झाकणारा मऊ मोजा हा त्याआधीचा उपाय.

पेग करायची वेळ आलीच तर क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करू नका, कधी थांबवायचं ते न्यूरॉलॉजिस्ट आणि एंडोस्कोपी करणारे मिळून ठरवतील. आणि पेग पहिल्या महिन्यात निघून आली तर घरी पुन्हा आत ढकलायची नाही. मार्ग पक्का झालेला नसतो, नळी पोटाच्या पिशवीऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. नंतरच्या काळात निघाली तरी भोक काही तासांत आवळतं, लगेच दवाखाना गाठा.

आता मुख्य काम: वाक्-उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याची पुन्हा तपासणी. पहिली नापास झाली म्हणून ती कायमची नसते. जागे असताना, ९० अंशात बसवून, दर आठवड्याला व्हायला हवी. शंका असेल तर फीस, म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघणं, किंवा बेरियमची व्हिडिओ तपासणी. दोन्ही पुण्या-मुंबईत होतात, मोठ्या कान-नाक-घसा विभागात विचारा.

नळी असताना गिळण्याचे व्यायाम चालतात. जोर लावून कोरडी लाळ गिळणं, उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघणं वगैरे. मानेचा त्रास किंवा ब्लडप्रेशर अस्थिर असेल तर दुसरा व्यायाम विचारूनच.

तोंडाने सुरू करायची परवानगी मिळाली की पहिला पदार्थ श्रीखंडासारखा: एकजीव, चमच्यावर आकार धरणारा, पाणी न सुटणारा. अर्धा चमचा, तोंडाच्या चांगल्या बाजूला, एक गिळून झाल्यावर "आ" म्हणायला लावून आवाज कोरडा आहे का बघायचा, मग पुढचा. डाव्या गालात घास साठून राहतो, बोटाने किंवा ब्रशने काढा.

दूध-पोळी, पातळ आमटी-भात, दह्यातले पोहे हे आपल्याला "मऊ" वाटतात, पण इथे ते सर्वांत धोक्याचे. द्रव आणि घट्ट एकाच घासात असतं. घट्ट चघळत असताना द्रव आधीच घशात उतरतो. भाकरी द्यायचीच तर आमटीत पूर्ण भिजवून, एकजीव कुस्करून, वर सुटलेलं पाणी काढून टाकून.

द्रव घट्ट करायला सांगितलं तर "किती घट्ट" हे डोळ्यांनी ठरवू नका. १० मिलीची सिरिंज उभी धरा, टोक बोटाने बंद करून १० पर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १ (द्रवाच्या घट्टपणाच्या IDDSI या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीतली), ४ ते ८ उरलं तर पातळी २, ८ पेक्षा जास्त उरलं तर ३. सिरिंज निवडताना शून्य ते १० मिलीच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, जाडजूड सिरिंजवर ही चाचणी चुकते.

---

आहारकक्ष

नळी काढायच्या प्रश्नावर माझी भर. घास सुरू झाला म्हणून लगेच नळी काढू नका. तोंडाने किती गेलं ते रोज लिहा आणि तेवढंच फीड कमी करा. आधी दुपारची दोन फीड बंद करा म्हणजे भूक लागेल, रात्रीचं शेवटी बंद होईल. गरजेच्या पाऊण हिस्सा अन्न आणि पाणी सलग तीन दिवस तोंडाने, ताप किंवा ओला आवाज न येता गेलं, की नळी काढायचा विचार. पाण्याचा हिशेब वेगळा ठेवा: घट्ट केलेलं पाणी माणसं कंटाळून कमी पितात, अन्न पुरेसं जातं आणि अंगातलं पाणी मात्र आटतं.

---

वॉर्डसिस्टर

ताई, नवी नळी घालायला सिस्टर घरी येणार असतील तर त्याआधी चार तास फीड बंद ठेवा. एक्स-रेची सोय कुठे आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. शक्यतो सकाळी बदलून घ्या. संध्याकाळी घातली आणि एक्स-रे सेंटर बंद झालं, तर रात्रभर फीड आणि गोळ्या दोन्ही अडतात. मधुमेहाची गोळी देऊन झालेली असेल तर तेवढा वेळ साखर बघत राहा.

---

वेण्णाकाठ

मंगळवारी सकाळी ९ ला ठरवलंय. ६ चं फीड देणार नाही, सकाळचं मेटफॉर्मिन नळीची खात्री झाल्यावरच. नाचणी भिजत घातली आहे.

---

गोळीडबी

बरोबर. फक्त आदल्या रात्री ९ ला नेहमीचं फीड देऊन नळी ३० मिली पाण्याने नीट धुऊन ठेवा. आणि जुनी नळी काढताना तिचं बाहेरचं टोक चिमटीत दाबून किंवा बूच लावूनच काढायला सांगा. आत राहिलेले चार थेंब घशात सांडायला तेवढंच निमित्त पुरतं.